ग्राफिक्स कार्डाचा व्होल्टेज मॉड तुटला तर व्होल्टेज खाली यायला हवे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ग्राफिक्स कार्डाच्या ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे ते ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दल, वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरपाशी थांबते. पुढचा टप्पा म्हणजे कार्डावर डाग देऊन (सोल्डर करून) व्होल्टेज वाढवणे, म्हणजेच व्होल्टेज मॉड. त्याचा उल्लेख आलाच तर ‘धोकादायक आहे, करू नका’ एवढ्या एका ओळीत येतो. करणारे तरीही करतात आणि अर्धवट माहितीवर करतात. चित्रात दाखवलेल्या दोन बिंदूंना पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) जोडायचा आणि फिरवत जायचे, एवढीच ती माहिती असते. अशा कामात कार्डे मरतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

मॉड करणाऱ्याने प्रत्येक जोडणीपाशी स्वतःला एक प्रश्न विचारावा. हा भाग सुटला, तुटला, ओला झाला किंवा निकामी झाला, तर व्होल्टेज कोणत्या दिशेला जाईल? खाली जाणार असेल तर जोडणी ठीक आहे. वर जाणार असेल तर ती कितीही नीटनेटकी दिसली तरी बदलायला हवी. पुढचे सगळे तपशील याच प्रश्नाभोवतीचे आहेत.

आधी, हार्डवेअर मॉड लागतो तरी कशाला? २०१२ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणले. तेव्हापासून क्लॉक (चिपचा वेग) आणि व्होल्टेज यांची सांगड कार्ड स्वतः घालते आणि वरची मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये, बांधलेली असते. २०१६ च्या जीटीएक्स १०८० वर व्होल्टेजचा स्लायडर टोकाला नेला तरी १.०९३ व्होल्टच्या पुढे जाता येत नाही. बायोसवर डिजिटल सही असते, त्यामुळे त्यात बदल करून चालवण्याची जुनी वाटही बंद झाली. उरतो तो व्होल्टेज तयार करणारा सर्किटचा भाग. तो कोणाची सही तपासत बसत नाही.

हा भाग काम कसा करतो ते समजल्याशिवाय सोल्डरिंग आयर्नला हात लावू नये. कार्डाला १२ व्होल्ट मिळतात. मॉसफेटच्या (झपाट्याने उघडझाप करणाऱ्या स्विचांच्या) जोड्या, कॉइल आणि कॅपॅसिटर मिळून त्याचे साधारण एक-दीड व्होल्ट करतात. किती करायचे हे कंट्रोलर चिप ठरवते. बाहेर पडणारे व्होल्टेज दोन रेझिस्टरांच्या साखळीतून विभागले जाते आणि मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज कंट्रोलरच्या फीडबॅक पिनवर येते. कंट्रोलरला एवढेच माहीत असते की ही पिन आपल्या संदर्भ व्होल्टेजवर, समजा ०.६ व्होल्टवर, राहिली पाहिजे. ती खाली गेली की तो बाहेरचे व्होल्टेज वाढवतो, वर गेली की कमी करतो. आपण फीडबॅक पिनपासून ग्राउंडपर्यंत आणखी एक रेझिस्टर समांतर जोडला, की थोडा करंट त्यातून वाहून जातो. पिन ०.६ वर ठेवण्यासाठी तेवढा जादा करंट वरच्या रेझिस्टरमधून यावा लागतो आणि त्यासाठी बाहेरचे व्होल्टेज चढते. सगळा मॉड एवढाच.

यातून निघणारे गणित कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्होल्टेजमधली वाढ म्हणजे संदर्भ व्होल्टेज गुणिले वरचा रेझिस्टर, भागिले आपण जोडलेला रेझिस्टर. जीडीडीआर५ प्रकारच्या मेमरीची १.५ व्होल्टची रेल, म्हणजे तिला वीज पुरवणारी वाट, घ्या. संदर्भ ०.६ व्होल्ट, वरचा रेझिस्टर १.५ किलोओहम, खालचा १ किलोओहम. आपण २० किलोओहम जोडले तर वाढ ४५ मिलिव्होल्ट, म्हणजे १.५४५ व्होल्ट. १० किलोओहमला ९० मिलिव्होल्ट, ५ ला १८०. आणि २ किलोओहमला ४५० मिलिव्होल्ट, म्हणजे मेमरीवर १.९५ व्होल्ट. १ किलोओहमपर्यंत आणले तर २.४.

हा उतार सरळ नाही, आणि सगळा धोका तिथेच आहे. २० किलोओहमच्या २५ फेऱ्यांच्या पोटेन्शिओमीटरची एक फेरी म्हणजे ८०० ओहम. पहिल्या फेरीत व्होल्टेज जेमतेम दोन मिलिव्होल्ट वाढते. माणसाला वाटते, काही होतच नाही. तो भराभर फिरवतो. शेवटाकडे, २ किलोओहमवरून १.२ वर येताना, तीच एक फेरी ३०० मिलिव्होल्ट वाढवते. आणि टोकाला पोटेन्शिओमीटर शून्य ओहम होतो, म्हणजे फीडबॅक पिन थेट ग्राउंडला. कंट्रोलरला वाटते की बाहेर व्होल्टेजच नाही, आणि तो जेवढे देता येईल तेवढे देतो. संरक्षणाने वेळीच बंद पाडले तर नशीब, नाहीतर चिप गेली.

म्हणून पोटेन्शिओमीटर एकटा कधीही जोडू नये. त्याच्याशी सीरिजमध्ये एक स्थिर रेझिस्टर हवाच. वरच्या उदाहरणात ४.७ किलोओहमचा स्थिर रेझिस्टर घातला, तर पोटेन्शिओमीटर पूर्ण शून्यावर गेला तरी वाढ १९१ मिलिव्होल्टवर थांबते. पूर्ण मूल्यावर ती ३६ मिलिव्होल्ट असते. आधी ठरवायचे की या रेलवर जास्तीत जास्त किती वाढ चालेल, त्यावरून स्थिर रेझिस्टर काढायचा. सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की कार्ड बंद असताना फीडबॅक ते ग्राउंड रोध मोजा आणि त्याच्या २० पट मूल्याचा पोटेन्शिओमीटर घ्या. सुरुवातीला तो ठीक आहे, पण तो फक्त सुरुवात कुठून होईल ते सांगतो. शेवट कुठे होईल हे स्थिर रेझिस्टरच ठरवतो.

पोटेन्शिओमीटरच्या तीन पायांचाही प्रश्न आहे. मधला पाय म्हणजे सरकता संपर्क. तो एका टोकाच्या पायाशी जोडून टाकावा. मग आतला संपर्क उडाला तरी पूर्ण २० किलोओहम शिल्लक राहतात आणि व्होल्टेज खाली येते. कोणत्या दिशेला फिरवल्यावर रोध कमी होतो ते जोडण्याआधी मल्टिमीटरवर पाहून ठेवावे आणि डाग देताना तो कमाल मूल्यावरच असावा. एकदा जोडल्यावर मीटर त्याचे मूल्य दाखवत नाही. समांतर असलेले कार्डावरचे रेझिस्टर त्यात मिसळतात. सेरमेटचा बहुफेरी ट्रिमर (छोटा पोटेन्शिओमीटर) वापरावा. एका फेरीचा स्वस्त कार्बन ट्रिमर या कामाचा नाही, बोटाच्या धक्क्याने तो शंभर मिलिव्होल्ट इकडेतिकडे करतो.

फीडबॅक ते ग्राउंड या समांतर जोडणीचा मोठा फायदा असा की तार सुटली तर कार्ड मूळ व्होल्टेजवर परत येते. काही जण कार्डावरचा वरचा रेझिस्टर काढून त्या जागी पोटेन्शिओमीटर बसवतात. व्होल्टेज त्यानेही वाढते, पण तिथला एक डाग सुटला की फीडबॅक खुला होतो आणि व्होल्टेज वर उसळते. हे करू नये.

आता कोअर, म्हणजे जीपीयू ही कार्डाची मुख्य चिप. मेमरीच्या रेलचे हे सोपे गणित कोअरला जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे जीपीयू स्वतः कंट्रोलरला किती व्होल्ट हवे ते सांगतो आणि कंट्रोलर जीपीयूच्या जवळून येणाऱ्या सेन्स लाइनवरून प्रत्यक्ष व्होल्टेज पाहतो. या लाइनमध्ये सहसा एक लहान सीरिज रेझिस्टर असतो. तो १०० ओहमचा आहे असे धरा. त्याच्या कंट्रोलरकडच्या बाजूपासून सेन्स ग्राउंडला आपण २ किलोओहम जोडले, तर १.०५ व्होल्टवर साधारण ५२ मिलिव्होल्टची वाढ मिळते. वाढ टक्केवारीत असते, म्हणून निष्क्रिय अवस्थेतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते. ग्राउंड घेताना कंट्रोलरच्या सेन्स ग्राउंडचीच पिन घ्यावी. जवळ दिसला म्हणून स्क्रूच्या भोकाचा ग्राउंड घेतला, तर बोर्डातून वाहणाऱ्या शेकडो अँपिअरमुळे पडणारा फरक थेट मोजमापात शिरतो.

इथे दोन खाचखळगे आहेत. सीरिज रेझिस्टर शून्य ओहमचा असेल तर आपला पोटेन्शिओमीटर कोअरवरचा एक क्षुल्लक भार ठरतो, व्होल्टेज हलत नाही. म्हणून आधी मोजून घ्यावे. दुसरे म्हणजे, ओव्हर-व्होल्टेजचे संरक्षण अनेक कंट्रोलरमध्ये याच सेन्स पिनवर नजर ठेवून असते. आपण त्या पिनला कमी आकडा दाखवतो, म्हणजे संरक्षणालाही तोच दाखवतो. ते आता तितक्याच वरच्या व्होल्टेजला जागे होईल. हे समजून उमजून करायचे असते. कंट्रोलरवरचा क्रमांक वाचून त्याची डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) मिळाली तर कोणते संरक्षण कोणत्या पिनवर आहे ते त्यात दिलेले असते. डेटाशीट मिळत नसेल, तर त्याच बोर्डावर इतरांनी मोजून पडताळलेला बिंदूच वापरावा. नुसत्या पिनच्या जागेवरून अंदाज बांधू नये.

ज्या कंट्रोलरला आय-टू-सी ही चिपांमधली संदेशवाहक जोडणी असते त्यांना बाहेरून आज्ञा देता येते. एएमडीच्या आर९ २९०एक्सच्या मूळ बोर्डावरचा आयआर३५६७बी हे त्याचे परिचित उदाहरण. तिथे डाग द्यायचे ते फक्त डेटा, क्लॉक आणि ग्राउंड या तीन तारांचे. ती सोय असेल तर तीच घ्यावी, कारण कार्ड बंद केले की रजिस्टरमध्ये तात्पुरते लिहिलेले मूल्य पुसले जाते आणि पुढच्या वेळी ते मूळ व्होल्टेजवर सुरू होते. पोटेन्शिओमीटर मात्र फिरवलेला तसाच राहतो. द्रव नायट्रोजनवर लावलेले व्होल्टेज दुसऱ्या दिवशी साध्या पंख्यावर सुरू केलेल्या कार्डाला मिळते, आणि ते कार्ड तिथेच संपते. यावर साधा उपाय आहे. पोटेन्शिओमीटरच्या ग्राउंडकडच्या तारेत दोन पिनांचा जंपर घालावा. कार्ड नेहमी जंपर काढून सुरू करायचे, मूळ व्होल्टेज मीटरवर दिसले की जंपर लावायचा.

कामाचा क्रम पुष्कळांचा उलटा असतो. व्होल्टेज आधी वाढवतात आणि मग क्लॉक खाली का आला म्हणून डोके धरून बसतात. आजचे कार्ड आधीच पॉवर लिमिटला, म्हणजे वीजखर्चाच्या मर्यादेला, टेकलेले असते. खर्च होणारी ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ वरून १.२५ व्होल्ट केले आणि क्लॉक १५ टक्के चढवला, तर ती सुमारे १.६ पट होते, म्हणजे २५० वॅटचे कार्ड ४०० वॅटच्या पुढे जाते. मर्यादा तशीच असेल तर कार्ड क्लॉक कापूनच हिशेब जुळवते. म्हणून पॉवर लिमिट आधी, व्होल्टेज नंतर.

१२ व्होल्टच्या वाटेवर ‘आर००५’ लिहिलेले मोठे शंट रेझिस्टर असतात, म्हणजे ५ मिलिओहमचे. त्यांच्या दोन टोकांतल्या फरकावरून कार्ड आपला खर्च मोजते. ५ वर ५ मिलिओहमचा दुसरा रेझिस्टर चढवला की मोजलेला आकडा निम्मा होतो. १० चढवला तर खरा खर्च दाखवलेल्याच्या दीडपट, १५ चढवला तर १.३३ पट. आम्ही १० किंवा १५ पासूनच सुरुवात सुचवतो. शंट तारेने किंवा लिक्विड मेटलने जवळजवळ शॉर्ट केला तर काही कार्डांना मोजमापात बिघाड झाल्याचे कळते आणि ती अगदी खालच्या क्लॉकवर अडकून बसतात. लिक्विड मेटलमधले गॅलियम शिवाय डागाच्या कथिलात शिरते आणि काही काळाने शंटच सुटतो. वर चढवलेला रेझिस्टर सुटला तर जुनी मर्यादा परत येते. इथेही कसोटी तीच.

मदरबोर्डच्या स्लॉटवरून येणाऱ्या १२ व्होल्टच्या शंटला हात लावू नये. तिथून ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट एवढीच मर्यादा आहे आणि जळतो तो मदरबोर्डचा सॉकेट. काही बोर्डांवर मग स्लॉटचाच आकडा आडवा येतो आणि क्लॉक तिथे थांबतो. थांबू द्यावा. इनपुटवर फ्यूज असतील तर त्यांच्यावर तार टाकू नये. बदल केल्यावर सॉफ्टवेअरमधले वॅट खोटे असतात, तेव्हा डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आठ पिनांच्या केबलच्या १२ व्होल्टच्या तारांभोवती लावून खरा करंट पाहावा. आठ पिनांच्या जोडणीची विहित मर्यादा १५० वॅट आहे. दोन जोडण्यांच्या कार्डावर ५०० वॅट ओढायचे असतील तर प्रत्येक जोडणीला पॉवर सप्लायपासून स्वतंत्र केबल हवी, एकाच केबलची दोन तोंडे चालणार नाहीत.

सोल्डरिंगबद्दल. फीडबॅकजवळचे रेझिस्टर बहुधा १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतात. तार बारीक, ३० गेजची किंवा त्याहून पातळ इनॅमलची. कार्डावरचा डाग शिसेविरहित कथिलाचा असतो, तो साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतो. त्यावर आधी फ्लक्स (डाग नीट बसवणारा लेप) आणि थोडे ६३/३७ चे शिसेयुक्त कथिल घालावे म्हणजे कमी उष्णतेत काम होते. टोक ३३० ते ३५० अंशांवर, स्पर्श दोन-तीन सेकंदांचा. डाग बसला की तार ओढून पाहण्याचा मोह टाळावा, पॅड उखडतो. डागापासून काही मिलिमीटरवर तार इपॉक्सीने बोर्डाला चिकटवावी, म्हणजे ओढ पॅडवर येणार नाही. शंटचे काम वेगळे. तिथल्या जाड तांब्यात उष्णता पसरून जाते, म्हणून बोर्ड खालून १०० अंशांच्या आसपास गरम करून रुंद टोकाने डाग द्यावा. नाहीतर वरचा रेझिस्टर चिकटल्यासारखा दिसतो आणि आत थंड डाग राहतो.

फीडबॅकची तार पाच सेंटिमीटरपेक्षा लांब नको. हा बिंदू नाजूक आहे आणि शेजारीच कॉइल व मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करत असतात. लांब तार अँटेनासारखी तो गोंधळ उचलते. मीटरवर सरासरी व्होल्टेज ठीक दिसते, पण रिपल (व्होल्टेजमधली थरथर) वाढलेला असतो आणि कमी क्लॉकवरही कार्ड कोसळते. पोटेन्शिओमीटर कार्डालाच चिकटवावा, त्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि कॉइलपासून दूर ठेवाव्यात.

मोजण्याच्या तारा मॉडच्याही आधी लावाव्यात. चालू कार्डावर हातात प्रोब धरून मोजताना तो घसरतो आणि १२ व्होल्टची पिन शेजारच्या पिनशी जुळते. चुकीच्या व्होल्टेजइतकीच कार्डे त्याने गेली असतील. जीपीयूच्या अगदी मागच्या कॅपॅसिटरवरून कोअर आणि ग्राउंडच्या दोन तारा काढून मीटरला कायम जोडून ठेवाव्यात. जागा महत्त्वाची आहे. कोअर १.२५ व्होल्टवर ३५० वॅट खात असेल तर करंट २८० अँपिअर होतो, आणि बोर्डाच्या तांब्यात ०.२ मिलिओहम जरी असले तरी ५६ मिलिव्होल्ट वाटेतच पडतात. कॉइलजवळ मोजणाऱ्याला चिपवर किती आहे ते कळत नाही. सॉफ्टवेअरचा आकडा तर इथे निरुपयोगीच. तो बहुतेक कार्डांवर जीपीयूने मागितलेले व्होल्टेज दाखवतो, मॉडनंतरचे नव्हे. बंद कार्डावर कोअर ते ग्राउंड रोध मोजला आणि एक ओहमच्याही खाली आला, तर दचकू नये. मोठ्या जीपीयूचा तो तसाच असतो. म्हणूनच काम सुरू करण्याआधी प्रत्येक रेलचा रोध लिहून ठेवावा, नंतर तुलना करायला तोच उपयोगी पडतो.

पहिल्यांदा सुरू करताना क्लॉक मूळ ठेवावा. मीटर अपेक्षित आकडा दाखवत नसेल तर तिथेच बंद करावे. मग २० ते २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर भाराखालचे व्होल्टेज, तापमान आणि करंट. भार येताच पडदा काळा आणि पंखे पूर्ण वेगात, असे झाले तर बहुधा ओव्हर-करंट संरक्षण चालले. भाराविनाच, पोटेन्शिओमीटर फिरवताना बंद पडले तर ओव्हर-व्होल्टेज. चित्रात ठिपके आले तर कोअर किंवा मेमरी क्लॉकची मर्यादा. जीडीडीआर५ आणि पुढच्या मेमऱ्या चूक पकडून पुन्हा पाठवतात, म्हणून तिथे ठिपक्यांची वाट पाहू नये. क्लॉक वाढवूनही चाचणीतले गुण घटू लागले की मर्यादा ओलांडली समजावे. मेमरीचे व्होल्टेज वाढवून फायदा दर वेळी होत नाही. १.३५ व्होल्टच्या जीडीडीआर६ वर तर आम्ही ५० मिलिव्होल्टपलीकडे जाण्याचा सल्ला देणार नाही. हवेवर किंवा साध्या पाण्यावर चालणाऱ्या कार्डात कोअरलाही १०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त वाढ क्वचितच उपयोगी पडते. वाढलेली उष्णता मिळालेला क्लॉक परत घेते.

ओव्हर-करंट संरक्षण वाढवण्याचा रेझिस्टर बदलणे सोपे असते आणि म्हणून लोक ते लगेच करतात. मॉसफेटवर ७० अँपिअर लिहिले आहे याचा अर्थ तापलेल्या बोर्डावर तो सतत ७० वाहील असा नाही. आठ फेजमध्ये (मॉसफेट-कॉइलच्या आठ संचांत) २८० अँपिअर म्हणजे प्रत्येकी ३५, तिथपर्यंत ठीक. त्यापुढे फेजवर स्वतंत्र हवा आणि तापमानाचा प्रोब असल्याशिवाय हे संरक्षण ढिले करू नये. पेन्सिलने रेझिस्टरवर ग्राफाइट घासण्याच्या जुन्या युक्तीबद्दल एकच वाक्य. तिची मर्यादा आधी ठरवता येत नाही आणि ती बोटाने, दमटपणाने बदलते, म्हणून ती वापरू नये.

थंडीचा भाग. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांवर, द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर. इथे शत्रू दवाचे पाणी. फीडबॅक आणि ग्राउंडच्या मध्ये आलेला ओलावा म्हणजे आपण न जोडलेला आणखी एक समांतर रेझिस्टर, आणि तो व्होल्टेज वर नेतो. वरच्या मेमरीच्या उदाहरणात १० किलोओहमचा ओलावा ९० मिलिव्होल्ट वाढवेल. पण बोर्डावरचे रेझिस्टर दहापट मोठे, म्हणजे १५ आणि १० किलोओहमचे असतील, तर तोच ओलावा ९०० मिलिव्होल्ट वाढवेल. म्हणून इन्सुलेशनची सुरुवात जीपीयूभोवती न करता फीडबॅकच्या बिंदूंपासून करावी. मॉड तपासून झाला की स्वच्छ आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पूर्ण धुवावा, कारण उरलेला फ्लक्स ओलावा धरून ठेवतो. मग इन्सुलेटिंग कोटिंगचे दोन थर, पहिला वाळल्यावर दुसरा. त्यावर व्हॅसलिन किंवा मऊ चित्रकलेचा खोडरबर, पोकळी न ठेवता. शेवटी फोम. मागची बाजू विसरू नये, थंडी बोर्डातून पलीकडे जाते. पोटेन्शिओमीटर बर्फाच्या टप्प्याबाहेर, कार्डाच्या कडेला.

बर्फ किंवा नायट्रोजन ज्यात ओततात त्या जीपीयूवरच्या तांब्याच्या पात्राच्या तळात के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा प्रोब) असावा. तापमान २० अंशांच्या पायऱ्यांनी उतरवावे. एका ठरावीक तापमानाखाली काही कार्डे चित्र सोडतात, काही चालू असताना खाली जातात पण तिथून सुरू होत नाहीत. हे दोन्ही आकडे प्रत्येक कार्डाचे वेगळे, लिहून ठेवावेत. व्होल्टेज वाढवायचे ते थंडी स्थिरावल्यावर. संपवताना क्रम उलटा. आधी व्होल्टेज मूळ जागी, मग भार बंद, मग पात्र गरम. नायट्रोजन संपत आला आहे आणि कोअरवर अजून दीड व्होल्ट आहेत, ही अवस्था येऊच देऊ नये. दोन मिनिटांपूर्वी पार झालेली चाचणी त्याच तापमानाला अचानक कोसळू लागली तर बहुधा थर्मल पेस्ट थंडीने तडकलेली असते. तळ उणे १२० दाखवतो आणि चिप त्याहून कितीतरी गरम असते. व्होल्टेज वाढवून ते सुटत नाही. पात्र शून्याच्या वर आणून पेस्ट नव्याने लावावी. काम झाल्यावर कार्ड ४० ते ५० अंशांच्या कोरड्या हवेत काही तास ठेवून, इन्सुलेशनखालचे पाणी गेल्याची खात्री करून मगच पुन्हा वीज द्यावी.

नायट्रोजनबद्दल एक गोष्ट कार्डापेक्षा महत्त्वाची. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. ३० घनमीटरच्या बंद खोलीत १० लिटर उडाले तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांवर येतो. १९.५ टक्क्यांखालची हवा असुरक्षित धरली जाते. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, वासही नसतो, तो सरळ बेशुद्ध पडतो. दारे-खिडक्या उघड्या, ऑक्सिजन मापक चालू आणि दुसरा माणूस सोबत, यांवाचून सुरुवात करू नये. देवार, म्हणजे नायट्रोजनचे भांडे, घट्ट बुचाने कधीही बंद करू नये, आतला दाब त्याला फोडतो.

असे कार्ड पुढे विकायचे असेल तर पोटेन्शिओमीटर, जंपर आणि चढवलेले शंट काढून मूळ व्होल्टेज मीटरवर तपासावे आणि घेणाऱ्याला काय केले होते ते लेखी सांगावे. जुने कार्ड घेणाऱ्यांनीही बॅकप्लेट उघडून कंट्रोलरभोवती फ्लक्सचे डाग, खरवडलेला हिरवा-काळा थर, कोटिंगची चमक किंवा दोन मजली शंट दिसतात का ते पाहावे. दिसले तर जुन्या व्होल्टेजचा भरवसा न धरता चिपमागच्या कॅपॅसिटरवर निष्क्रिय आणि भाराखालचे असे दोन्ही आकडे मोजावेत, आणि ते सॉफ्टवेअरमधल्या मागणीपेक्षा भाराखाली जास्त येत असतील तर मॉड अजून जागेवर आहे असे समजून आधी तो शोधावा.

आपले,
ग्राफिक्स कार्डांची दुरुस्ती आणि ओव्हरक्लॉकिंग करणारे काही वाचक